साखर नॉर्मल

पायात काच घुसली की दुखतं, हे मी एकतीस वर्षांचा होईपर्यंत धरूनच चाललो होतो. दोन हजार चार सालच्या सप्टेंबरात एका सकाळी भरे गावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीतून कामाला निघालो, आणि अंगण झाडणाऱ्या घरमालकीणबाईंची केरसुणी थांबली. त्यांना मी मावशी म्हणत असे. त्या माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघत होत्या. खोलीतल्या मोरीपासून उंबऱ्यापर्यंत फरशीवर रक्ताचे ठसे उमटले होते, सगळे एकाच पायाचे. मी पाय उचलून पाहिला. दाढी करताना फुटलेल्या आरशाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा तळव्यात रुतला होता.

मावशींनी मला पायरीवर बसवलं, तुकडा स्वतःच्या हाताने उपसून काढला, वर हळद दाबली आणि एवढंच विचारलं, "तुमाला कळलं न्हाई व्हय?"

घाईत होतो, लक्ष नव्हतं, असं मी सांगितलं. ते खरं नव्हतं. त्या काच काढत होत्या तेव्हा मी पूर्ण लक्ष देऊन बसलो होतो. तुकडा बाहेर येताना मला दिसला. जाणवला नाही.

मी मूळचा परभणीकडचा. बी.कॉम. होऊनही तिकडे काही जमेना म्हणून पुण्याला आलो आणि एका ओळखीतून पिरंगुटजवळ उरवड्याला छोट्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागलो. रेक्झिनच्या पर्स, डायऱ्यांची कव्हरं, ऑफिसात लागणाऱ्या फायली असलं काही तिथे बनायचं. पत्र्याची शेड होती. पुढे कटिंग आणि शिलाई, मागे एक लांबट खोली. तिला पेस्टिंग म्हणत. सहा बायका तिथे जमिनीवर बसून ब्रशने सोल्युशन लावत आणि तुकडे चिकटवत. सोल्युशन म्हणजे पंक्चरवाला ट्यूबला लावतो तसलंच, फक्त पातळ केलेलं. माझं स्टोअर पेस्टिंगला लागून होतं, मधे प्लायवूडची भिंत, तीही वर पत्र्यापर्यंत न पोचलेली.

त्या सहाजणींतली एक मावशींची सून होती. मी त्यांना वहिनी म्हणायचो, त्या मला भाऊ. वय पंचविशीच्या आसपास, एक मुलगी अंगणवाडीत जाणारी, नवरा टेम्पोवर आणि आठवड्यातून दोनदा घरी. घरची भाताची जमीन होती, कशाला कमी नव्हतं, पण वहिनींना चार माणसांत जाऊन काम करायचं होतं. मावशींचा विरोध होता. मीच मधे पडलो. काम सावलीतलं आहे, बसून करायचं आहे, जाता-येता जीपमध्ये मी सोबत असेन, असं सांगून मावशींना पटवलं. त्या तयार झाल्या तेव्हा मला बरं वाटलं होतं.

मुळशीच्या पावसाळ्यात चिकटवण्याचं काम अवघड होतं. हवा इतकी ओली असते की लावलेलं सोल्युशन वाळता वाळत नाही, तुकडे सरकतात, माल परत येतो. त्या वर्षी जूनच्या शेवटी शेठनी दुसरीकडून ड्रम मागवायला सुरुवात केली. त्यातलं द्रव पाण्यासारखं स्वच्छ होतं. पेट्रोलची आठवण यावी असा वास, आणि हातावर पडलं की गार वाटून क्षणात उडून जायचं. ते मिसळलं की सोल्युशन झटपट वाळायचं. सगळे खूश झाले. पावसाची झड आत येऊन रेक्झिन भिजू नये म्हणून खिडक्यांना बाहेरून जाड प्लॅस्टिक मारलेलं होतं. आतली हवा बाहेर फेकणारा पंखा मे महिन्यातच बंद पडला होता. तो दुरुस्त करून आणायचं काम माझ्याकडे होतं, आणि आज-उद्या करत ते राहून गेलं होतं.

ड्रममधून डब्यांत द्रव काढायचं कामही माझंच. नळीचं एक टोक ड्रममध्ये सोडायचं, दुसरं तोंडात धरून ओढायचं, आलं की नळी डब्यात. तोंडात गेलंच तर थुंकायचं. दिवसातून पाच-सहा वेळा हे चाले. बायकांच्या बोटांवर वाळलेलं सोल्युशन साबणाने निघत नसे. एकदा मी माझे हात त्या द्रवाने पुसून पाहिले तर लख्ख निघाले. मग सुटायच्या वेळी त्याचा एक उघडा डबा मी पेस्टिंगच्या दारात ठेवू लागलो. बायका एकामागून एक येऊन हात बुडवायच्या, चिंधीला पुसायच्या आणि घरी जायच्या. माझी ही सोय त्यांना फार आवडली होती.

संध्याकाळी डोकं जड व्हायचं. जेवणावर वासना नसायची. सुरुवातीला बायका वासाची तक्रार करत. पंधरा दिवसांनी कुणाला वास येईनासा झाला आणि आम्ही म्हटलं, सवय झाली.

ऑगस्टमध्ये माझ्या पायांच्या बोटांत मुंग्या यायला लागल्या. मांडी घालून बसल्यावर येतात तशा, पण या जाईनात. आठवड्याभरात त्या तळव्यांवर पसरल्या. मग तळवे पेटू लागले. निखाऱ्यावर पाय धरल्यासारखं व्हायचं आणि हात लावून पाहावं तर पाय थंडगार. चादरीचा स्पर्श सहन होत नसे, आणि त्याच पायाला खाली काय आहे ते कळत नसे. जळणं आणि बधिर होणं एकाच जागी कसं असू शकतं, हे मला कुणाला सांगता येईना. सांगायला गेलो की दोन्ही खोटं वाटायचं.

काचेच्या प्रकारानंतर मी पिरंगुटच्या डॉक्टरांकडे गेलो. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. पाय बघून म्हणाले, साखर तपासून या. उपाशीपोटी, मग जेवल्यावर. दोन्ही नॉर्मल आल्या. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा एकदा तपासायला लावली. पुन्हा नॉर्मल. आमच्याकडे पायाची आग म्हणजे साखर, हे इतकं ठरलेलं आहे की मावशींनी तोवर माझ्या चहातली साखर बंद करून टाकली होती. रिपोर्ट चांगला आलाय म्हटल्यावरही त्यांनी ती सुरू केली नाही. त्यांचा कागदापेक्षा पायावर जास्त विश्वास होता.

डॉक्टर एकेक गोष्ट विचारत गेले. दारू पिता का? नाही. टीबीच्या गोळ्या कधी घेतल्या होत्या? नाही. मांसाहार नसेल तर अंगात बी-ट्वेल्व्ह कमी पडतं, त्यानेही असं होतं, म्हणून त्यांनी इंजेक्शनं सुरू केली. मग थायरॉइड. मग कंबरेचा एक्स-रे, मणक्यात नस दबली आहे का ते पाहायला. एके दिवशी त्यांनी दार लोटून घेतलं आणि आणखी एका रक्ततपासणीचं नाव खालच्या आवाजात घेतलं. त्या रिपोर्टची वाट पाहिलेले तीन दिवस मला आजही आठवतात. तोही स्वच्छ आला. शेवटी त्यांनी शर्ट काढायला लावून उजेडात माझी पाठ, दंड, कानाच्या पाळ्या न्याहाळल्या आणि टाचणी टोचत कुठे चट्टा बधिर आहे का ते पाहिलं. काय शोधताय, असं मी विचारलं नाही. मला समजलं होतं.

एवढ्या दिवसांत त्यांनी मला एक प्रश्न विचारला नाही आणि मीही ते आपणहून सांगितलं नाही. कारखान्यात स्टोअर बघतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. कपाटं आणि वह्या असलेली एखादी खोली त्यांच्या डोळ्यांसमोर आली असणार.

घरात दुसरंच काही चाललं होतं, ते मला उशिरा कळलं. वहिनींच्या हाताला तव्याचा चटका बसला होता. चांगला मोठा, मनगटाशी फोड आलेला. मुलगी ओरडली म्हणून त्यांनी हात मागे घेतला होता. मावशींनी ते पाहिलं. नंतर त्या सुनेकडे बारकाईने बघू लागल्या. चालताना तिचा पाय फरशीवर आपटतो, पुढचा पंजा उचललाच जात नाही, उंबरा ओलांडताना ती गुडघा वर घेते, हे सगळं मावशींनी टिपलं. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. एका संध्याकाळी मी भाताचा डबा परत द्यायला गेलो तर वहिनी पडवीत वेगळ्या बसून जेवत होत्या. ताट वेगळं, तांब्या वेगळा. मुलगी आत, आजीजवळ.

मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांच्या माहेरी एकाला असंच झालं होतं, आधी हात बधिर, मग बोटं गेली. रगतपिती, कुष्ठरोगाचा गावाकडचा तो एकच शब्द त्यांनी उच्चारला आणि तोंडावर पदर धरला. जवळच्या रिहे गावात दिलेली लेक अजून बाळंतपणाला यायची होती. हे गावात फुटलं तर घरात पाणी प्यायला कुणी येणार नाही, अशी भीती त्यांना होती. सुनेवर त्यांचा राग नव्हता. भ्यायलेली बाई होती ती, हे मला आता समजतं. तेव्हा मी डबा ठेवून निघून आलो. मला माझाच चेहरा पडलेला जाणवत होता.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर जीपची वाट बघताना वहिनी माझ्या पायांकडे पाहत होत्या. मी चप्पल सोडून नाडीचे बूट घालायला लागलो होतो, कारण चप्पल पायातून निसटली तरी समजत नव्हतं. त्यांनी स्वतःच्या चपलेला मागून कापडी पट्टी शिवली होती.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमच्या पायाला बी असंच हाय का?"

मी हो म्हणालो. मग त्या म्हणाल्या, "आमच्यात आनखी तिघींना हाय. कुनी बोलत न्हाई."

त्या दिवशी मी दुपारी पेस्टिंगच्या दारात उभा राहिलो. जेवणाची सुट्टी झाली होती. बायका उठत होत्या. रोज शंभरदा पाहिलेलं दृश्य, पण मी पाहिलंच नव्हतं. एकीने आधी गुडघ्यावर हात टेकला, मग भिंतीवर, मग शेजारणीच्या खांद्यावर, आणि तेवढ्याने ती उभी राहिली. दुसरी दोन्ही हात जमिनीला लावून, लहान मूल उठतं तशी उठली. तिसरीने डब्याचं झाकण दातांनी उघडलं. चौथ्या वहिनी. बंद प्लॅस्टिकमागून येणाऱ्या पांढुरक्या उजेडात त्या चौघी पाय उचलून उचलून, चिखलातून चालल्यासारख्या कोरड्या फरशीवरून चालत बाहेर आल्या. त्यातली सगळ्यात थोरली चाळीशीचीही नव्हती.

रगतपिती एका घरात येते. एका खोलीत बसणाऱ्या चौघींना आणि भिंतीपलीकडच्या एकाला तीन महिन्यांत येत नाही. एवढं माझ्यासारख्या माणसालाही समजत होतं.

मी शेठकडे गेलो. ते वाईट माणूस नव्हते. दिवाळीत स्वतः घरोघरी मिठाई पोचवायचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की दमट हवेत सांधे धरतातच, त्यांच्या आईचेही धरलेत, ऊन पडलं की मोकळे होतील. दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर होत्या. मी पंख्याचं बोललो, ते म्हणाले, आण ना दुरुस्त करून. मी पुन्हा माझ्या जागेवर येऊन बसलो. इथे मला एक गोष्ट लिहिली पाहिजे. दारात सोल्युशन पुसायचा डबा मी त्या संध्याकाळीही ठेवला. त्याच्यापुढच्याही संध्याकाळी ठेवला. संशय माझ्या मनात आला होता, पण तो खरा ठरला तर काय काय खरं ठरेल, याचा विचार मला झेपत नव्हता. असे बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांत वहिनींच्या हातातून वेणीचे पेड सुटायला लागले.

पिरंगुटच्या डॉक्टरांनी अखेर मला पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, नसांच्या डॉक्टरांकडे. त्या बाई होत्या, माझ्याच वयाच्या. छोट्या हातोडीने त्यांनी गुडघ्यावर मारलं, घोट्यामागे मारलं. घोट्याला काहीच हालचाल झाली नाही. मग एका यंत्रावर पायाला बारीक बारीक विजेचे झटके देऊन ते वर पोचायला किती वेळ लागतो ते मोजलं. यंत्र चालवणारा माणूस झटका वाढवत गेला. लागलं की सांगा, म्हणाला. मी वाट बघत राहिलो.

रिपोर्ट घेऊन डॉक्टर समोर बसल्या. त्यांनी साखरेचा कागद बाजूला ठेवला, बाकीचे एकावर एक ठेवले, आणि पेन खाली ठेवून विचारलं, "तुम्ही दिवसभर नेमकं काय करता? सकाळी गेल्यापासून सगळं सांगा."

मी सांगितलं. ड्रम, नळी, तोंडाने ओढणं. खिडक्यांचं प्लॅस्टिक. हात पुसणं. त्यांनी मधे अडवलं नाही. शेवटी फक्त विचारलं की त्या खोलीत किती माणसं बसतात आणि त्यांचं काय.

ड्रमबरोबर आलेला कागद मी स्टोअरच्या फायलीत लावला होता. तो घेऊन मी दोन दिवसांनी परत गेलो. द्रवाच्या नावाखाली डॉक्टरांनी रेघ मारली. हेक्झेन. चामड्याच्या, बुटांच्या, चिकटवण्याच्या कामात बंद खोलीत हे वापरलं की त्याची वाफ श्वासातून आणि कातडीतून आत जाते आणि नसा टोकापासून मरत वर येतात, असं त्यांनी समजावलं. सर्वांत लांब नस पायाच्या बोटांत पोचते, म्हणून आधी पाय, मग हात. साखर नसलेल्या माणसाच्या नसा दुखायला लागल्या की कारणं पुष्कळ असतात, त्या म्हणाल्या, आणि त्यातली निम्मी रुग्णाच्या कामात आणि घरात सापडतात, रक्तात सापडत नाहीत.

"काम आजपासून बंद. तुमचं आणि त्या सगळ्यांचं," त्या म्हणाल्या. "आणि अजून एक ऐका. बंद केल्यावरसुद्धा हे आणखी दोन-तीन महिने वाढत जाईल. नसांना जे व्हायचं ते आधीच होऊन गेलंय, ते फक्त हळूहळू दिसेल. त्यावर औषध नाही. वाट पाहायची."

परतीच्या बसमध्ये मी पुन्हा पुन्हा एवढाच विचार करत होतो की वहिनींचं अजून दिसायचं आहे.

मी सरळ मावशींच्या घरी गेलो. पडवीत सगळ्यांसमोर सांगितलं की हा रोग नाही, ही त्या सोल्युशनची वाफ आहे, लागत नाही, पसरत नाही, मलाही तेच झालंय. मावशींनी मला दोनदा विचारलं, नक्की का. नक्की म्हटल्यावर त्या पडवीतलं वेगळं ताट आणि तांब्या उचलून आत गेल्या. त्या रात्रीपासून वहिनी आत जेवायला बसल्या. या गोष्टीबद्दल त्या दोघींत पुढे कधी काही बोलणं झालं का, मला ठाऊक नाही.

कारखान्यात इतकं सोपं गेलं नाही. डॉक्टरांचं पत्र घेऊन गेलो तेव्हा शेठचा चेहरा पांढरा पडला. आधी ते माझ्यावर संतापले, मग खुर्चीत बसून राहिले. हॉस्पिटलने सरकारी ऑफिसला कळवलं होतं, आठवड्याभरात साहेब लोक येऊन गेले आणि पेस्टिंगला कुलूप लागलं. पाचजणी घरी बसल्या. त्यातल्या एकीला, जिला काहीच त्रास नव्हता, माझा फार राग आला. तिने मला पिरंगुटच्या बाजारात गाठलं आणि म्हणाली, "तुमचं पाय गेलं म्हनून आमच्या प्वाटावर पाय देताय व्हय?" तिलाही मी तपासणीला नेलं. यंत्रावर तिच्याही नसा मंद निघाल्या. तिला अजून कळायचं होतं, एवढंच.

सहावी बाई बाहेरच्या राज्यातली होती. नवरा बांधकामावर. सणाला गावी जातो म्हणून ती दसऱ्याच्या आधीच काम सोडून गेली होती. मी त्यांच्या पत्र्याच्या खोलीवर गेलो तर तिथे दुसरं कुटुंब राहायला आलं होतं. शेजारणीने सांगितलं की जाताना तिचा नवरा तिला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत गेला. पत्ता कुणाकडेच नव्हता. आमच्या कारखान्यात तिचं अर्धं नावच लिहिलेलं होतं, आणि तेही मीच लिहिलेलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. कामावर जाणं थांबलं आणि वहिनी खालावत गेल्या. नोव्हेंबरात भात काढणी सुरू झाली, तेव्हा त्यांना अंगणात उतरता येईना. डिसेंबरात उठून बसायला आधार लागू लागला. दोन्ही पंजे गळून लोंबकळायचे. हातांची बोटं आत वळायला लागली. पिंडऱ्यांचं मांस इतकं उतरलं की मोजे ढिले पडत. मावशी त्यांना न्हाऊ घालायच्या, वेणी घालायच्या, घास भरवायच्या. शेतावर मजूर लावले होते आणि मावशी त्यांच्याकडे फिरकत नव्हत्या. मुलगी आईच्या पायाला टाचणी टोचून बघायची, मी डॉक्टर आहे म्हणायची. एकदा रक्त आलं. वहिनींनी तिला रागावलं नाही, पण टाचण्यांचा डबा माळ्यावर ठेवायला सांगितला.

माझंही वाढलं, पण त्यांच्याइतकं नाही. मी दिवसभर ड्रमजवळ नसायचो, बाहेर यायचो-जायचो. त्या आठ-आठ तास बसून असायच्या. हा फरक मी मोजत बसायचो. जानेवारीत एका दुपारी त्या उन्हाला बसल्या होत्या आणि आजूबाजूला कुणी नव्हतं, तेव्हा मी त्यांना सांगितलं. हात पुसायचा डबा माझ्या डोक्यातून निघाला होता. पंखा माझ्यामुळे राहिला. आणि संशय आल्यावरही मी बारा दिवस तो डबा ठेवत होतो.

त्यांनी आपली आत वळलेली बोटं उन्हात धरली.

"तुमी बी धुतलंच की हात त्यात," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पन बारा दिवसाचं सांगायला नगं हुतं. आता मी ते मोजत बशीन."

नंतर काही आठवडे त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी रोज पिरंगुटहून व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना आणायचो आणि अंगणाबाहेर थांबायचो. चेंडू दाबायचा, वाळूने भरलेल्या पिशव्या पायाने उचलायच्या, तळवा भिंतीला टेकवायचा. मार्चपर्यंत काही हललं नाही. आपण चेंडू दाबतो आहोत की चेंडूच हातात पडून आहे, हेही त्यांना कळत नसे. होळीच्या सुमारास एके सकाळी मावशींनी मला कुंपणावरून हाक मारली आणि काही न सांगता आत नेलं. वहिनींच्या उजव्या पायाचा अंगठा हलत होता. दोन-तीन वेळा वर, मग थकून थांबला. मावशी त्या अंगठ्याकडे अशा बघत होत्या जणू तो अजूनही परत जाऊ शकतो.

वहिनी दीड वर्षाने काठी घेऊन, आणि अडीच वर्षांनी काठीशिवाय चालू लागल्या. हात बहुतेक परत आले. चौघींपैकी दोघी पूर्ण बऱ्या झाल्या, एकीच्या बोटांत कायमचा कंप राहिला. कारखाना पाण्यात मिसळणारं सोल्युशन घेऊन, खिडक्या उघडून पुन्हा सुरू झाला, मी मात्र तिथे गेलो नाही. पुढे हिंजवडीला एका ऑफिसात स्टोअरचंच काम मिळालं. खोली भऱ्यातलीच ठेवली. मावशींनी सोडू दिली नाही.

माझ्या तळव्यांना आजही पुरती जाण नाही. थंडीत आग होते, त्यासाठी रोज एक गोळी घेतो. सकाळी उठलो की दोन्ही तळवे वळवून डोळ्यांनी तपासतो, कारण दुसरा मार्ग नाही. सोबतची नवी माणसं विचारतात, साखर आहे का. मी नाही म्हणतो आणि त्यांना पुढे काय विचारावं ते सुचत नाही.

दरवर्षी वहिनी आणि मी एकाच दिवशी पुण्याला जाऊन नसांची तपासणी करून यायचो. मुलगी मोठी होत गेली तशी तीही यायला लागली. दोन हजार दहाच्या उन्हाळ्यातली भेट शेवटची. डॉक्टरांनी आधीचे सगळे आलेख टेबलावर ओळीने मांडले आणि दोन वर्षांपासून रेघ जागची हललेली नाही हे दाखवलं. जे परत यायचं होतं ते आलं आहे, उरलेलं आता यायचं नाही, उगीच दरवर्षी हेलपाटा घालू नका, असं म्हणाल्या. वहिनींचा डावा पंजा पूर्ण उचलला जात नव्हता. तसाच राहील का, असं त्यांनी विचारलं. तसाच राहील, डॉक्टर म्हणाल्या.

वहिनींनी मान हलवली, चपलेची पट्टी बांधली आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरायला लागल्या. मी त्यांच्या मागोमाग, प्रत्येक पायरीकडे बघत उतरलो. खाली आल्यावर त्यांनी मला विचारलं की त्या सहावीचा काही ठावठिकाणा लागला का. मी नाही म्हणालो. मग आम्ही तिघं पिरंगुटच्या बसच्या थांब्याकडे गेलो.